‘किशोरांचा मृत्युदर १२ टक्क्यांनी वाढला’: पण कशापासून?

पीएच.डी.ला प्रवेश घेऊन चारेक महिने झाले होते. आमच्या विभागात दर शुक्रवारी जर्नल क्लब असतो. एकाने एखादा पेपर किंवा अहवाल वाचून आणायचा आणि बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची. माझी पहिलीच पाळी होती. मी अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या मृत्यूंवरचा एक सरकारी अहवाल निवडला आणि पहिल्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘अमेरिकेत किशोरांचा मृत्युदर १२ टक्क्यांनी वाढला’.

गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, “कशापासून?”

“२०१३ पासून, मॅडम.”

“आणि १९९९ पासून?”

मी खाली वाकून प्रिंटआउट चाळली. १९९९ पासून बघितलं तर दर वाढला नव्हता, चांगला पंचवीस टक्क्यांनी कमी झाला होता. त्याच अहवालात, त्याच परिच्छेदात ते लिहिलेलं होतं. मी वाचलंही होतं, पण स्लाइडवर घेतलं नव्हतं, कारण ‘वाढला’ हे जास्त महत्त्वाचं वाटलं होतं.

त्या दिवसानंतर हा अहवाल मी बऱ्याचदा वाचला. पेट किंवा नेटची तयारी करणारे, सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण मला विचारतात, “पेपर क्रिटिकली वाच म्हणतात, म्हणजे नक्की काय करायचं?” आज या एकाच अहवालावर ते करून दाखवते. अहवाल वाईट आहे म्हणून नाही. तो चांगला आहे, आणि चांगल्या अहवालातूनही आपण चुकीचं वाक्य कसं उचलतो, हे शिकण्यासारखं आहे.

अहवाल काय म्हणतो

अमेरिकेच्या नॅशनल सेंटर फॉर हेल्थ स्टॅटिस्टिक्सने जून २०१८ मध्ये हा अहवाल काढला. लेखक सॅली कर्टिन आणि त्यांचे सहकारी. विषय: १० ते १९ वयाच्या मुलामुलींचे १९९९ ते २०१६ या काळातले मृत्यू, विशेषतः इजांमुळे झालेले. माहितीचा आधार म्हणजे देशभरातले मृत्यूचे दाखले. मुख्य आकडे असे (सगळे दर एक लाख लोकसंख्येमागे, वर्षाला):

– एकूण मृत्युदर: १९९९ मध्ये ४४.४, २०१३ मध्ये २९.६, २०१६ मध्ये ३३.१.
– हेतू नसताना झालेल्या इजा, म्हणजे मुख्यतः अपघात: १९९९ मध्ये २०.६, २०१३ मध्ये १०.६, २०१६ मध्ये १२.०.
– आत्महत्या: २००७ मध्ये ३.९, २०१६ मध्ये ६.१.
– हत्या: २००७ मध्ये ५.७, २०१४ मध्ये ३.७, २०१६ मध्ये ४.७.

अहवालाच्या भाषेत: एकूण दर आधी ३३ टक्के घटला, मग १२ टक्के वाढला. अपघात ४९ टक्के घटले, मग १३ टक्के वाढले. आत्महत्या ५६ टक्के वाढल्या. हत्या ३५ टक्के घटल्या, मग २७ टक्के वाढल्या. अहवालाचं नाव मात्र अलीकडच्या वाढीवरून दिलंय.

आता हे वाचून डोक्यात काय राहतं? प्रामाणिकपणे सांगा. माझ्या डोक्यात ‘५६ टक्के’ राहिलं. तुमच्याही राहिलं असेल.

सुरुवातीचं वर्ष कुणी निवडलं?

काळानुसार तुलना करणारा कुठलाही पेपर हातात आला की आधी हे विचारा. सुरुवात सोयीची निवडली असेल तर कुठलाही आलेख हवा तसा वाकवता येतो.

इथे १९९९ का? त्याला ठोस कारण आहे. अमेरिकेत मृत्यूच्या कारणांचं वर्गीकरण १९९९ पासून आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीनुसार होऊ लागलं. त्याआधी नववी आवृत्ती होती. आवृत्ती बदलली की एका कारणाखाली मोजले जाणारे काही मृत्यू दुसऱ्या कारणाखाली जातात, आणि कुणाचंच काही बदललेलं नसताना आलेखात पायरी दिसते. म्हणून १९९९ ही सुरुवात बरोबर आहे. इथे लेखकांना पूर्ण मार्क.

आणि २०१३? तो घसरणीचा तळ आहे. तळापासून मोजलं तर पुढचं काहीही ‘वाढ’च दिसणार. अहवाल दोन्ही बाजू सांगतो, पण बातमी करणारा (आणि जर्नल क्लबवाला) दुसरं अर्धं वाक्य उचलतो. त्यामुळे नियम साधा ठेवा: वाढ किंवा घट सांगताना सुरुवातीचं वर्ष, तेव्हाचा दर आणि आताचा दर, तिन्ही एकाच वाक्यात लिहायचे. नुसता टक्का कधीच लिहायचा नाही.

टक्के बाजूला ठेवा, वजाबाकी करा

माझी मुख्य तक्रार इथे आहे.

टक्का हा स्वतःच्या पायावर मोजला जातो. छोट्या पायावरची छोटी वाढ मोठा टक्का देते. आत्महत्येचा दर ३.९ वरून ६.१ झाला, म्हणजे लाखामागे २.२ ची वाढ. अपघातांचा दर २०.६ वरून १०.६ झाला, म्हणजे लाखामागे १०.० ची घट. टक्क्यांत बघितलं तर ५६ विरुद्ध ४९, आणि आत्महत्येतली वाढ ही मोठी घटना वाटते. वजाबाकी केली तर दुसरा बदल पहिल्याच्या साडेचार पट निघतो.

याचा अर्थ आत्महत्येतली वाढ किरकोळ आहे असा अजिबात नाही. अमेरिकेत या वयाची चार कोटींहून थोडी जास्त मुलं आहेत. लाखामागे २.२ म्हणजे वर्षाला नऊशेच्या आसपास जास्तीची घरं. त्याला किरकोळ म्हणण्याची माझी हिंमत नाही. पण त्याच हिशोबाने लाखामागे १० ची घट म्हणजे वर्षाला चार हजारांहून जास्त मुलं वाचली. ती बातमीत येत नाहीत, कारण ती जिवंत आहेत. लायसन्स एकदम न देता पायरीपायरीने देणं (फ्लोरिडाने हे १९९६ मध्ये सुरू केलं), सीटबेल्ट, जास्त सुरक्षित गाड्या, मुलांचं कमी झालेलं ड्रायव्हिंग अशी कारणं यामागे सांगितली जातात. म्हणजे यातलं बरंचसं माणसांनी ठरवून केलेलं काम आहे. काय केल्याने मुलं वाचली हेच अहवालातून ठळक दिसलं नाही, तर पुढचा निधी कुठे द्यायचा हे धोरण ठरवणाऱ्याला कसं कळणार?

आता अजून एक पायरी पुढे जाऊ. १९९९ ते २०१३ मध्ये एकूण दर ४४.४ वरून २९.६ झाला: घट १४.८. त्यातली १०.० अपघातांची. म्हणजे एकूण घटीतला दोन तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या अपघातांचा. २०१३ ते २०१६ मध्ये एकूण दर २९.६ वरून ३३.१ झाला: वाढ ३.५. त्यातली १.४ अपघातांची, म्हणजे ४० टक्के. उरलेली २.१ बाकीच्या कारणांची, मुख्यतः आत्महत्या आणि हत्या यांची.

ही वाटणी अहवालाच्या सारांशात कुठेच नाही. आणि सारांशावरून ती पूर्ण करताही येत नाही, कारण प्रत्येक कारणाची वर्षं वेगळी आहेत! एकूण दरासाठी वळण २०१३ ला, आत्महत्येसाठी २००७ ला, हत्येसाठी २००७ आणि २०१४ ला. रेषा कुठे वळली हे अशा विश्लेषणात संख्याशास्त्रीय पद्धतीनेच ठरवतात, त्यामुळे ही वर्षं लेखकांनी मनाने घेतली असं मी म्हणत नाही. एका रेषेचं वर्णन करायला हे योग्यच आहे. पण तीन रेषांची एकमेकींशी तुलना करायची तर तिघींना एकच सुरुवात आणि एकच शेवट हवा. नाहीतर तीन भावंडांची उंची तीन वेगळ्या वाढदिवसांपासून मोजून ‘सगळ्यात जास्त कोण वाढलं’ असं विचारल्यासारखं होतं.

उदाहरण म्हणून हत्येचा आकडा घ्या. ‘२७ टक्के वाढ’ हे २०१४ पासून खरं आहे. पण आत्महत्येला लावलेलं २००७ हे वर्ष हत्येलाही लावलं, तर ५.७ वरून ४.७, म्हणजे साधारण १८ टक्के घट! एकाच अहवालातले दोन आकडे शेजारी ठेवताना आपण हे तपासतो का?

छेदात कोण आहे?

मृत्युदर म्हणजे अपूर्णांक. वर मृत्यू, खाली लोकसंख्या. वरच्या आकड्याबद्दल सगळे बोलतात, खालचा गृहीत धरतात.

मृत्यू दरवर्षी मोजले जातात. लोकसंख्या दहा वर्षांतून एकदा मोजली जाते आणि मधल्या वर्षांसाठी जन्म, मृत्यू, स्थलांतर यांवरून अंदाज बांधतात. जनगणनेपासून जितकं दूर, तितका अंदाज कच्चा. पुढची जनगणना झाली की मागचे अंदाज सुधारले जातात आणि जुने दरही थोडे हलतात. म्हणून वेगवेगळ्या वर्षी छापलेल्या दोन अहवालांतले दर उचलून एका आलेखात जोडू नका. सगळी वर्षं एकाच मालिकेतून, एकाच वेळी घ्या. अमेरिकेसाठी सीडीसी वंडर नावाची खुली साइट आहे, तिथे वर्षवार आणि वयवार आकडे मिळतात.

छेदाबद्दल दुसरी गोष्ट: तो कुणाचा आहे? १९९९ मध्ये १० ते १९ वयाची असलेली मुलं साधारण १९८० ते १९८९ मध्ये जन्मलेली. २०१६ मधली १९९७ ते २००६ च्या आसपास जन्मलेली. दोन्ही गटांत एकही माणूस सामाईक नाही. हॉस्टेलची खोली तीच, राहणारी मुलं दरवर्षी बदलतात, तसं हे. त्यामुळे ‘या मुलांचा धोका वाढत गेला’ हे वाक्य चूक. ‘या वयातल्या मुलांचा धोका तेव्हापेक्षा आता वेगळा आहे’ हे बरोबर.

दहा आणि एकोणीस एकाच पोत्यात

‘किशोर’ म्हणजे १० ते १९, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनाही वापरते. पण मृत्यूच्या दृष्टीने हा गट एकजिनसी नाही. दहा-अकराच्या आसपासचं वय हे आयुष्यातलं सगळ्यात सुरक्षित वय असतं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत चित्र पार बदलतं. अमेरिकेत १५ ते १९ चा मृत्युदर १० ते १४ च्या तिपटीहून जास्त आहे.

याने काय बिघडतं? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. लहान गटाचा दर १५ आणि मोठ्या गटाचा ५०. दोन्ही गट निम्मे-निम्मे असतील तर एकत्र दर ३२.५. आता जन्मदर बदलल्यामुळे लहान ४५ टक्के आणि मोठे ५५ टक्के झाले. एकत्र दर ३४.२५. म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त ‘वाढ’, आणि एकाही मुलाचा धोका वाढलेला नाही!

या अहवालात हा खेळ झालाय का? नाही. तिथे या काळात दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते, त्यामुळे २०१३ नंतरची वाढ यातून निघत नाही. पण ‘नाही’ हे तपासून म्हणायचं असतं. ज्या देशात जन्मदर झपाट्याने घटतोय तिथे हा मुद्दा पहिल्या नंबरवर येतो. उपाय म्हणजे वय-प्रमाणीकरण: दोन्ही वर्षांना एकच वयरचना लावून दर काढायचा. किंवा त्याहून सोपं, दोन गट वेगळेच छापायचे.

मृत्यू मोजला जातो, कारण ठरवलं जातं

मृत्यू झाला की नाही, यात मतभेद नसतो. तो अपघात होता, आत्महत्या होती की हत्या, हे मात्र कुणीतरी ठरवतं आणि दाखल्यावर लिहितं. अमली पदार्थाच्या अतिसेवनाने झालेला मृत्यू चुकून झाला की जाणूनबुजून, हे ठरवणं कठीण असतं. ठरवण्याची सवय काळानुसार बदलली तर एक रेषा चढते आणि दुसरी उतरते.

म्हणून मी पेपर वाचताना आधी एकूण मृत्युदर बघते. तिथे वाढ दिसत असेल तर ती सहसा खरी असते. कारणवार आकडे त्यानंतर.

योगायोगाचं काय? २०१६ मध्ये या वयोगटात साधारण १४ हजार मृत्यू. अशा आकड्यात योगायोगाने होणारा चढउतार ढोबळमानाने वर्गमुळाएवढा, म्हणजे सव्वाशेच्या आत, टक्क्याहून कमी. तेव्हा १२ टक्के हा योगायोग नाही. पण वर्षाला १०० मृत्यू होणारा एखादा जिल्हा घ्या. पुढच्या वर्षी ११२ झाले, तर टक्का तोच, १२. आणि त्यातून काहीही सिद्ध होत नाही, कारण दोन वर्षांतल्या फरकाचाच नैसर्गिक चढउतार १४-१५ चा आहे.

नंतर काय झालं

अहवाल २०१६ ला थांबतो. पुढचं चित्र बघितलं तर लेखकांची काळजी योग्य होती, हे मान्य करावं लागतं. मार्च २०२३ मध्ये जामा या नियतकालिकात स्टीव्हन वूल्फ, एलिझाबेथ वूल्फ आणि फ्रेडरिक रिव्हारा यांनी दाखवलं की १ ते १९ वयोगटातला एकूण मृत्युदर २०१९ ते २०२० मध्ये १०.७ टक्के आणि पुढच्या वर्षी आणखी ८.३ टक्के वाढला. आणि यात कोविडचा वाटा मोठा नव्हता, मुख्य वाटा इजांचाच होता.

इथे तुमच्यासाठी दोन सापळे. पहिला: दोन वर्षांची मिळून वाढ १९ टक्के नाही. १.१०७ गुणिले १.०८३ करा, जवळजवळ २० टक्के येते. दुसरा: हा गट १ ते १९ चा आहे. आधीच्या १० ते १९ च्या आकड्यांना ही शेपटी जोडता येणार नाही.

असंच २०२२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये गोल्डस्टिक, कनिंगहॅम आणि कार्टर यांचं एक छोटं पत्र आलं: २०२० मध्ये १ ते १९ वयोगटात बंदुकीने होणारे मृत्यू रस्ते अपघातांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर गेले. ते खरं आहे. पण क्रमांक बदलायला दोन रेषा लागतात. बंदुकीची रेषा चढली, हे अर्धं कारण. गाड्यांची रेषा आधीच्या दोन दशकांत खूप खाली आली होती, हे उरलेलं अर्धं. पत्रावर टीका करणाऱ्यांनी १८-१९ ची मुलं वगळून निष्कर्ष सौम्य करून दाखवला. त्यांनाही तोच प्रश्न विचारायला हवा: तुम्ही हे वय का निवडलं? सीमा बदलून जर निष्कर्ष बदलत असेल, तर दोन्ही सीमा दाखवणं हा एकच प्रामाणिक मार्ग आहे.

आणि आपल्याकडे?

“मग हाच अभ्यास महाराष्ट्रावर करते की,” असं मीही म्हणाले होते. मग एकेक अडचण समोर आली.

छेद: आपली शेवटची जनगणना २०११ ची. पुढची २०२७ ची. मधल्या सगळ्या वर्षांचे दर अंदाजांवर उभे आहेत. शिवाय जनगणनेत वय ‘पंधरा’, ‘वीस’ असं गोल सांगायची सवय आहे. एकोणिसाव्या वर्षातला मुलगा ‘वीस’ झाला की तो आपल्या गटातूनच बाहेर पडतो.

अंश: नोंद झालेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू देशात साधारण पाचवा हिस्सा. २०१० साठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने १,३४,५९९ आत्महत्या नोंदवल्या होत्या. लॅन्सेटमध्ये २०१२ साली आलेल्या अभ्यासाचा त्याच वर्षाचा अंदाज, तोही फक्त १५ वर्षांवरच्यांचा, १ लाख ८७ हजार होता. एवढी दरी असेल, तर नोंदणी सुधारल्यानेही आकडा वाढू शकतो.

वर्तमानपत्रात दरवर्षी येणारा ‘विद्यार्थी आत्महत्यां’चा आकडा (२०२१ मध्ये १३,०८९, २०२२ मध्ये १३,०४४) तर दरच नाही, नुसती संख्या आहे. ‘विद्यार्थी’ हा व्यवसायाचा रकाना आहे, वयाचा नाही. त्यात अकरावीतली मुलगी आहे आणि एम.ए.ला बसलेला पंचविशीतला मुलगाही. ते मृत्यू खरे आहेत, त्यामागची घरं खरी आहेत. म्हणूनच ‘वाढ झाली’ की ‘घट झाली’ हे छेदाशिवाय कुणी म्हणू नये.

उरते नमुना नोंदणी, एसआरएस. ती दर्जेदार आहे. पण वयोगटांचे दर हजारी आणि एका दशांशापर्यंत छापले जातात. या वयात दर इतके कमी असतात की ०.५४ चा ०.५६ झाला तरी छापताना ०.५ चा ०.६ होतो. प्रत्यक्ष वाढ चार टक्क्यांच्या आत, कागदावर वीस टक्के!

हे वाचून निराश होऊ नका. माझा थीसिसचा विषय याच अडचणींतून निघाला.

घरचा अभ्यास

तुमच्या विषयातला, काळानुसार तुलना करणारा एक पेपर घ्या आणि वहीत पाच ओळी लिहा: सुरुवातीचं वर्ष कोणतं आणि का; मूळ दर किती; वजाबाकी किती; छेद कुठून आला; वयाची किंवा गटाची सीमा हलवली तर निष्कर्ष टिकतो का. पाचही उत्तरं मिळाली तर पेपर चांगला आहे. एखादं मिळालं नाही, तर कदाचित तुमचा रिसर्च गॅप तिथेच आहे.

माझी ती स्लाइड मी नंतर बदलली. आता तिच्यावर असं आहे: ‘अमेरिका, वय १० ते १९, लाखामागे मृत्यू: १९९९ मध्ये ४४.४, २०१३ मध्ये २९.६, २०१६ मध्ये ३३.१’. मथळा म्हणून फिका आहे. पण पुन्हा कुणी ‘कशापासून?’ विचारलं, तर उत्तर स्लाइडवरच आहे.